सेंट लुईस की कॅन्सस सिटी?



गेल्या महिन्यात आपल्या रेडिओवर लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आयांविषयी मी बोलले होते. कार्यक्रम संपला आणि एका मैत्रिणीचा फोन आला. "ताई, आमच्या जावयांना दोन नोकऱ्या चालून आल्यात. एक सेंट लुईसला, एक कॅन्सस सिटीला. पगार उन्नीस-बीस. लेक म्हणते, आई, सहा महिने तुलाच यायचंय, तूच सांग कुठलं गाव बरं. मी काय सांगू? मला ती नावंसुद्धा धड घेता येत नाहीत."

फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं हे काम नव्हतं, म्हणून आज सविस्तर सांगते. माझी लेक सेंट लुईसला असते. तिच्याकडं मी दोनदा सहा-सहा महिने राहून आले. पुतण्या कॅन्सस सिटीला, त्याच्याकडं दीड महिना होते. मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी दुकानापुरतं येतं आणि उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. जे सांगणार ते अशा बाईच्या नजरेनं पाहिलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. जावयाच्या नजरेनं पाहिलं तर दुसरंच दिसेल.

आधी भूगोल. अमेरिकेच्या मधल्या भागाला तिथं मिडवेस्ट म्हणतात. मक्याची, सोयाबीनची शेतं, सपाट जमीन, कडक हिवाळा आणि घामट उन्हाळा. तिथल्या मिझुरी राज्याच्या पूर्व कडेला सेंट लुईस आणि पश्चिम कडेला कॅन्सस सिटी. मधे साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे मुंबई ते कोल्हापूर धरा. नावाचा एक घोळ लक्षात ठेवा. शेजारच्या राज्याचं नाव कॅन्सस, पण मोठी कॅन्सस सिटी त्या राज्यात नाही, ती मिझुरीत आहे. कॅन्सस राज्यातही त्याच नावाचं एक शहर आहे, लहान, अगदी चिकटून. दोन्हींच्या मधून राज्याची हद्द जाते. एका ठिकाणी तर रस्त्याचं नावच स्टेट लाइन रोड आहे: या फुटपाथवर मिझुरी, समोरच्या फुटपाथवर कॅन्सस.

मिझुरी नावाची नदीही आहे. ती कॅन्सस सिटीजवळ कॅन्सस नदीला पोटात घेते आणि राज्यभर वाहत जाऊन सेंट लुईसच्या थोडं वर मिसिसिपीला मिळते. मी कऱ्हाडची, कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेली. मला या दोन्ही गावांविषयी पहिली आपुलकी वाटली ती या संगमांमुळं. कॅन्सस सिटीवरून गेलेलं पाणीच पुढं सेंट लुईसला पोचतं. तरी गावांचं एकमेकांशी पटत नाही.

ही चढाओढ पुणे-मुंबईसारखी आहे. सेंट लुईस थोरलं. १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी कातड्यांच्या व्यापारासाठी वसवलेलं, त्यामुळं जरा खानदानी तोऱ्यातलं. कॅन्सस सिटी धाकटी, गुरांच्या बाजारावर मोठी झालेली. सेंट लुईसवाले तिला गुरांचं गाव म्हणून हिणवत, आणि कॅन्सस सिटीवाले म्हणत, तुमचे दिवस सरले. १९८५ साली बेसबॉलच्या अंतिम स्पर्धेत नेमकी हीच दोन गावं समोरासमोर आली. सहाव्या सामन्यात पंचानं एक निर्णय चुकीचा दिला, सेंट लुईसचा हातातला सामना गेला आणि सातवा सामना जिंकून चषक कॅन्सस सिटीनं नेला. चाळीस वर्षं झाली. लेकीच्या शेजारचे आजोबा अजूनही त्या पंचाचं नाव काढलं की चहा टेबलावर ठेवतात.

आता सोयी. सुरुवात सेंट लुईसच्या फॉरेस्ट पार्कपासून करते, कारण माझे सहा महिने तिथंच तरले. सुमारे तेराशे एकरांची बाग, न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध सेंट्रल पार्कपेक्षा मोठी. १९०४ साली इथं जागतिक प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतलं पहिलं ऑलिंपिकही याच गावात झालं. आइस्क्रीमचा कोन या प्रदर्शनामुळं घरोघर पोचला. तिथं आणखी एक गोष्ट सांगतात. भारतीय चहाची जाहिरात करायला आलेल्या एका साहेबाचा गरम चहा उन्हाळ्यात कुणी घेईना, तेव्हा त्यानं त्यात बर्फ घातला आणि झुंबड उडाली. बर्फाचा चहा त्याआधीही लोक पीत होते, पण गाजला तिथून. आपल्या चहाचं असं केलेलं मला काही पटलं नाही, तो भाग वेगळा.

या बागेत कलासंग्रहालय आहे, इतिहासाचं संग्रहालय आहे, प्राणिसंग्रहालय आहे, लागून विज्ञान केंद्र आहे. आणि या सगळ्यांचा प्रवेश फुकट. एखाद्या खास प्रदर्शनाला तिकीट असतं, गाडी लावायला पैसे पडतात, पण दारातून आत जायला काही नाही. आधी माझा विश्वास बसेना. पहिल्या दिवशी प्राणिसंग्रहालयाच्या दारात मी पर्स उघडून खिडकी शोधत उभी. नातीच्या बाबागाडीला धरून आम्ही मायलेकी आत गेलो, हत्ती पाहिले, तासाभरात पोरगी झोपली, परत आलो. तिकीट काढलं असतं तर "पैसे वसूल करायचे" म्हणून दिवसभर तंगडतोड केली असती. फुकट असण्याचा खरा फायदा हा, की तासाभरासाठी जाता येतं आणि उद्या पुन्हा जाता येतं. नातीला पुढं तिथले हत्ती ओळखू यायला लागले. या प्राणिसंग्रहालयात १९९२ साली पहिल्यांदा हत्तीचं पिल्लू जन्मलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं होतं राजा!

पण फुकट म्हणजे कुणीतरी पैसे भरतंच. ते कोण भरतं, हे मी जावयांना खोदून विचारलं. त्यासाठी जरा मागं जायला लागतं.

१८७६ साली सेंट लुईस शहरानं आपल्या भोवतीच्या जिल्ह्याशी काडीमोड घेतला. तिथले लोक त्याला खरोखरच 'महाघटस्फोट' म्हणतात. शहर तेव्हा श्रीमंत होतं; ओसाड जिल्ह्याचा खर्च आपण का सोसायचा, असा हिशोब. हद्द कायमची आखून घेतली, सुमारे १७० चौरस किलोमीटर. पुढं गाड्या आल्या, रस्ते आले, लोक हद्दीबाहेर राहायला गेले आणि शहराला बाहेर हातपाय पसरता येईनात. पुणे महापालिकेत आसपासची गावं घेतात तसं तिथं करताच येत नाही. १९५० साली शहरात साडेआठ लाखांहून जास्त माणसं होती, २०२० साली तीन लाख उरली. शहराच्या उत्तरेकडं रिकामी विटांची घरं ओळीनं उभी दिसतात. लाल विटा, कमानी, नक्षी, आणि आत झाड उगवलेलं. मला कोकणातली बंद घरं आठवली. आणि भोवतीच्या जिल्ह्यात नव्वदच्या आसपास चिमुकल्या नगरपालिका, त्यांतल्या कित्येकांची पोलिस चौकी वेगळी.

अशा भांडलेल्या घरात १९७१ साली एक चांगली गोष्ट घडली. शहर आणि जिल्हा, दोन्हीकडच्या लोकांनी मतदान करून ठरवलं की घरपट्टीबरोबर थोडा कर आपण एकत्र भरायचा आणि तो प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयांना द्यायचा. पुढं त्यात वनस्पती उद्यान आणि इतिहास संग्रहालयही आलं. शाळा एक झाल्या नाहीत, पोलिस एक झाले नाहीत, पण हत्ती आणि चित्रं एका चुलीवर आली. त्याही पलीकडच्या जिल्ह्यांतले लोक हा कर भरत नाहीत आणि फुकट मात्र येतात, ही तिथली जुनी कुरकुर. मीही फुकटच गेले, त्यामुळं त्यावर काही बोलत नाही.

उन्हाळ्यात त्याच बागेत 'म्यूनी' नावाचं उघड्यावरचं नाट्यगृह चालतं. अकरा हजार माणसं बसतात एवढं. संगीत नाटकं असतात, आणि मागच्या दीड हजारांच्या आसपास खुर्च्या रोज फुकट. आधी येईल तो बसेल. आम्ही दशम्या बांधून नेल्या होत्या. नाटक निम्मं कळलं. पण अंधार पडताना झाडांमधून वारा सुटला, समोर गाणं, शेजारी अनोळखी बायका पंख्यानं वारा घेतायत, आणि मला एकदम गावच्या जत्रेतला तंबू आठवला.

सेंट लुईसची खूण म्हणजे गेटवे आर्च, नदीकाठची पोलादी कमान. १९६५ साली पुरी झाली, उंची १९२ मीटर, कुतुबमिनाराच्या अडीचपट. आत पाच-पाच जणांच्या डब्यात बसवून वर नेतात. डबा इतका बुटका की पाचांचे गुडघे एकमेकांना लागतात, आणि वर पोचल्यावर पुन्हा पायऱ्या. गुडघेवाल्यांनी खालचं संग्रहालय पाहावं, ते फुकट आहे आणि चांगलं आहे. समोरच जुनं न्यायालय आहे, ते चुकवू नका. १८४६ मध्ये ड्रेड स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट या गुलाम जोडप्यानं स्वातंत्र्यासाठी तिथं दावा लावला होता. आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला नकार दिला म्हणून १८७२ मध्ये व्हर्जिनिया मायनर या बाईंनी तिथंच कज्जा सुरू केला. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं दावा लावता येत नसे, म्हणून नवऱ्याला बरोबर घ्यावं लागलं! वरच्या न्यायालयात त्या हरल्या. पण १९१६ साली याच गावात एका मोठ्या पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा पांढरे कपडे, पिवळे पट्टे, पिवळ्या छत्र्या घेतलेल्या हजारो बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या उभ्या राहिल्या. घोषणा नाही, भाषण नाही. पुढाऱ्यांना त्यांच्या मधूनच जावं लागलं.

आता धाकट्या गावाकडं जाऊ. मी तिथं आगगाडीनं गेले. या दोन गावांमधे रोज गाडी आहे, साडेपाच-सहा तास लागतात आणि बराच वेळ मिझुरी नदी खिडकीतून सोबत करते. अमेरिकेत मी एकटीनं केलेला हा पहिला प्रवास.

कॅन्सस सिटी पहिल्या नजरेत जास्त हसरी वाटते. रुंद रस्ते, झाडं आणि जागोजागी कारंजी, दोनशेच्या वर. रोमच्या खालोखाल आम्हीच, असं तिथले लोक सांगतात. मी मोजायला गेले नाही. यातली सुरुवातीची काही प्राणिमित्र मंडळींनी घोडी-कुत्र्यांना पाणी मिळावं म्हणून बांधली होती. आता गावचा संघ जिंकायला लागला की कारंज्यांच्या पाण्यात संघाचा रंग मिसळतात. गंमत म्हणजे या गावाचे रुंद रस्ते आणि बागा ज्यांनी आखल्या, त्या जॉर्ज केसलर यांनीच सेंट लुईसच्या १९०४ च्या प्रदर्शनाच्या बागाही आखल्या होत्या. दोन भांडणाऱ्या जावांची शिवणकाम करणारी एकच असावी, तसं.

इथलं नेल्सन-ॲटकिन्स कलासंग्रहालयही फुकट आहे, पण वेगळ्या वाटेनं. ते कराच्या पैशातून उभं राहिलं नाही, दानातून राहिलं. एक दाते वर्तमानपत्राचे मालक विल्यम नेल्सन. दुसऱ्या मेरी ॲटकिन्स, एकेकाळच्या शाळामास्तरीण. नवऱ्याची जमीनजुमल्यातली मिळकत त्यांच्याकडं आली होती, मूलबाळ नव्हतं, फारशा कुणात मिसळत नसत. १९११ साली त्या गेल्या आणि मृत्युपत्र उघडलं तर तीन लाख डॉलर कलासंग्रहालयासाठी ठेवलेले. गावात कुणाला कल्पना नव्हती. दोन्ही दानं एकत्र करून १९३३ मध्ये संग्रहालय उघडलं. चिनी कलेचा संग्रह तर जगात नावाजलेला. मी शिक्षिका होते, त्यामुळं दारावरच्या त्या नावातला दुसरा भाग मी जरा जास्त वेळ वाचला.

संग्रहालयाच्या हिरवळीवर बॅडमिंटनची चार अजस्र फुलं पडली आहेत, प्रत्येक साडेपाच मीटर उंच. क्लास ओल्डनबर्ग आणि कूशा व्हान ब्रुगेन या नवरा-बायकोनं १९९४ मध्ये ती केली. इमारत म्हणजे जाळी, आणि फुलं तिच्या दोन्ही बाजूंना पडलेली, अशी कल्पना. सुरुवातीला गावानं नाकं मुरडली, आता तीच गावाची खूण. मी पुतण्याला म्हटलं, अरे, या खेळाला इंग्रज एकेकाळी 'पूना' म्हणायचे, नियम आपल्या पुण्याच्या छावणीत तयार झाले. तो म्हणाला, काकू, हे इथल्या पाटीवर लिहायला सांगू का?

तिथलं मोठं नाट्य-संगीतगृह, कॉफमन सेंटर, हेही दानातलं. म्यूरिएल कॉफमन या बाईंनी मनात धरलं, १९९५ मध्ये त्या गेल्या, आणि लेकीनं २०११ साली ते पुरं केलं. थोडक्यात, थोरल्या गावात संस्कृतीचा खर्च घरपट्टी भरणारे सोसतात आणि धाकट्यात बहुतेक दानशूर घराणी. मला थोरल्याचा रस्ता जास्त खात्रीचा वाटतो. दात्याची मर्जी असते, कर मात्र ठरलेला असतो. पण एक खरं, कॅन्सस सिटीनं याहून अवघड काम एकदा करून दाखवलं. १९१४ चं भव्य युनियन स्टेशन मोडकळीला आलं होतं. ते वाचवायला १९९६ साली दोन राज्यांतल्या जिल्ह्यांनी मिळून विक्रीकर लावून घेतला. आपल्याकडं दोन राज्यं पाण्यावरून, सीमेवरून वर्षानुवर्षं कोर्टात असतात, म्हणून मला याचं फार वाटलं. १९९९ ला स्टेशन पुन्हा उघडलं. २००४ साली तसाच दुसरा कर मांडला, तो मात्र लोकांनी नाकारला.

जाझ संगीताचं हे माहेर. चार्ली पार्कर इथलेच. 'अठरावा रस्ता आणि व्हाइन' या काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीत जाझचं आणि कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचं अशी दोन संग्रहालयं आहेत, पाहण्यासारखी. त्या काळी टॉम पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याची गावावर हुकमत होती. देशात दारूबंदी, इथं दारूचा पूर. १९४० च्या निवडणुकीत त्याच्या माणसांना घालवण्यात बायका पुढं होत्या, आणि त्यांची खूण होती केरसुणी. छातीवर छोट्या केरसुण्या टाचून घरोघर फिरल्या आणि जिंकल्या. आणि २०२४ साली इथं नदीकाठी फुटबॉलचं मैदान उघडलं, साडेअकरा हजार खुर्च्यांचं. बायकांच्या व्यावसायिक संघासाठीच म्हणून बांधलेलं जगातलं पहिलं.

खाण्याचं लवकर उरकते. कॅन्सस सिटी भाजलेल्या मांसासाठी प्रसिद्ध, शाकाहाऱ्यांना बटाटे आणि पाव. सेंट लुईसला करंजीसारखी तळलेली रॅव्हिओली मिळते, आत बहुतेक मांस असतं, विचारून घ्या. तिथला लोण्याचा चिकट केक मात्र जरूर खा. म्हणतात की कुणा बेकरीवाल्याच्या मापात चूक झाली आणि तो जन्मला.

आता खरा प्रश्न: गाडी नसली तर काय? सेंट लुईसला मेट्रोलिंक ही आगगाडी आहे. १९९३ साली सुरू झाली. विमानतळावरून निघते, फॉरेस्ट पार्कपाशी थांबते, गावाच्या मध्यातून जाते आणि मिसिसिपी ओलांडून पलीकडच्या इलिनॉय राज्यात. ती ज्या पुलावरून जाते तो ईड्स पूल १८७४ चा. पोलादी पुलावर लोकांचा भरवसा बसेना म्हणून आधी एक हत्ती चालवत नेला होता. हत्ती कच्च्या जागेवर पाय ठेवत नाही असा समज. कॅन्सस सिटीत विमानतळाला आगगाडी नाही. पण २०१६ पासून गावाच्या मध्यात ट्राम आहे आणि ती पूर्ण फुकट. मी होते तेव्हा ती युनियन स्टेशनापर्यंतच जायची. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती कलासंग्रहालयाच्या जवळून पुढं गेली आहे. २०२० मध्ये तर त्यांनी बसचं भाडंही रद्द केलं होतं, पुढं खर्चाचा मेळ बसेना म्हणून ते परत आणायची चर्चा सुरू झाली.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग दोन्हीकडं सोय आहे की. थांबा. आपली मुलं तिथं राहतच नाहीत.

'सेंट लुईसला असतो' म्हणणारं मराठी कुटुंब बहुतेक पश्चिमेच्या चेस्टरफील्ड, बॉलविन अशा उपनगरांत असतं, गावापासून तीसेक किलोमीटरवर. 'कॅन्सस सिटी'वाले बहुतेक ओव्हरलँड पार्कला, म्हणजे राज्यच दुसरं. कारण शाळा. तिथं घर ज्या हद्दीत, त्या हद्दीतली सरकारी शाळा, आणि शाळेचा बराच पैसा घरपट्टीतून. त्यामुळं आईबाप आधी शाळा पाहतात, मग घर. तिथवर ना मेट्रोलिंक पोचते, ना ट्राम. लेकीचं घर सुंदर. चार खोल्या, मागं हिरवळ. सकाळी आठला दोघं गाडी घेऊन बाहेर पडली की मी, बाळ आणि फ्रिजचा आवाज. पहिल्या खेपेला तिसऱ्या आठवड्यात मी न्हाणीघरात दार लावून रडले. लेकीला सांगितलं नाही, ती आधीच ओली बाळंतीण. संग्रहालयं फुकट असून काय उपयोग, दाराबाहेर फुटपाथ संपतो. तिथंच मला उमगलं की गावातल्या सोयी आणि आपल्या वाट्याला येणाऱ्या सोयी वेगळ्या. मला तारलं ते दोन गोष्टींनी. चालत वीस मिनिटांवर सार्वजनिक वाचनालय निघालं, तिथं तान्ह्या मुलांना गोष्टी सांगण्याचा तास असतो, आज्यांना कुणी हाकलत नाही. आणि लेक शनिवारी फॉरेस्ट पार्कला सोडायला लागली.

आता जे सांगायचं ते कुणी पर्यटनाच्या पुस्तकात लिहीत नाही. दोन्ही गावांत एक-एक रेघ आहे. सेंट लुईसला डेलमार नावाचा रस्ता, कॅन्सस सिटीत ट्रूस्ट नावाचा. डेलमारच्या उत्तरेला आणि ट्रूस्टच्या पूर्वेला मुख्यतः काळी माणसं, घरांच्या किमती कमी, दुकानं कमी. पलीकडं गोरी वस्ती आणि सगळी चकाकी. ही रेघ आपोआप पडली नाही. कॅन्सस सिटीचं सुंदर प्लाझा, स्पेनमधल्या सेव्हिलच्या धर्तीचं, १९२० च्या दशकात ज्यांनी वसवलं त्या जे. सी. निकल्स यांनी आपल्या वसाहतींच्या करारांत लिहूनच ठेवलं होतं की इथं काळ्यांना घर विकायचं नाही. देशभर त्याचं अनुकरण झालं. आणि असले करार मोडले कुणी? सेंट लुईसच्या शेली कुटुंबानं. जे. डी. आणि एथेल शेली या काळ्या जोडप्यानं १९४५ साली लबाडी नावाच्या रस्त्यावर घर घेतलं. नाव खरंच तसं आहे, मी पाटी वाचली. शेजाऱ्यांनी दावा लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असे करार कुठलंही न्यायालय बजावून देणार नाही. कॅन्सस सिटीनं २०२० साली प्लाझाजवळच्या कारंज्यावरून निकल्स यांचं नाव काढलं. पण रेघ अजून आहे. २०२५ च्या मे महिन्यात सेंट लुईसला मोठं चक्रीवादळ झालं, फॉरेस्ट पार्कातली हजारो झाडं गेली आणि डेलमारच्या उत्तरेला छपरंच्या छपरं उडाली. आपल्याकडं घर भाड्यानं घेताना आडनाव विचारतात, हे जिला सोसावं लागलंय तिला यातलं काही समजावून सांगायला नको.

आणि आपली माणसं? २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीच्या ओलेथे उपनगरात एका भारतीय इंजिनिअरला द्वेषापोटी गोळी घालून मारलं. मधे पडलेला एक गोरा तरुण गोळी लागून जखमी झाला. त्या इंजिनिअरची पत्नी तिथंच राहिली आणि परक्या देशांतून आलेल्यांना आपलं म्हणावं यासाठी काम करते. सेंट लुईसचं नाव गुन्ह्यांच्या यादीत वर येतं, त्यात शहराच्या लहान हद्दीचाही वाटा आहे. सुरक्षित उपनगरं त्या हिशोबात धरलीच जात नाहीत. भिऊन राहावं असं मला कुठंच वाटलं नाही, पण अंधारात एकटीनं कुठं जाते ते घरी सांगून जात होते. ते मी कऱ्हाडातही करते.

तर फोन केलेल्या मैत्रिणीला माझं उत्तर. गाव तुमच्या जावयांनी नोकरीवरून निवडू दे. तुम्ही लेकीला एवढंच विचारा: घरापासून वाचनालय चालत किती, फुटपाथ तिथपर्यंत आहे का, आणि गाडी किंवा ट्राम पकडायला मला कुणाच्या सुट्टीची वाट पाहावी लागेल का. बाळ लहान आहे, शाळेला पाच वर्षं आहेत. तोवर सेंट लुईसला मेट्रोलिंकच्या स्टेशनाजवळ किंवा कॅन्सस सिटीत ट्रामच्या वाटेवर दोन खोल्यांचं घर मिळालं तर चार खोल्यांचा हट्ट धरू नका. दोन्हींत डावं-उजवं कराच म्हणाल, तर मी सेंट लुईस म्हणेन, फॉरेस्ट पार्कासाठी. माझी जाऊ कॅन्सस सिटी म्हणेल. तिचा मुलगा तिथं आहे.

माझी लेक अजून त्याच उपनगरात आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही एक तोड काढली. ऑफिसला जाताना ती मला आणि नातीला मेट्रोलिंकच्या स्टेशनावर सोडायची, संध्याकाळी परतताना घ्यायची. पिशवीत पोळीचा रोल, पाण्याची बाटली, नातीचे दोन फ्रॉक आणि माझी गुडघ्याची पट्टी. स्टेशनावरचा तिकिटाचा माणूस आठ दिवसांनी ओळखायला लागला. आता येत्या एप्रिलमध्ये पुन्हा जातेय.